कान्हेररावाच्या पागोट्याची गाठ

दि. ४ डिसेंबर २०२३, सोमवार. दुपारी महेश्वरी हत्तुरे हिच्या बँक खात्यात बासष्ट हजार पाचशे रुपये जमा झाले. सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात तिचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला मावळे, मोर, कोळिणी आणि फळांचे मुखवटे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती. तिने मोबाइल शिलाई मशीनवर पालथा ठेवला आणि वडिलांच्या वेळेपासून दुकानात असलेल्या कल्लप्पा शिंप्यांना म्हणाली, "मामा, खरंच दिले की ओ त्यांनी."

कल्लप्पांनी दोरा दातांनी तोडला. "दिले म्हणजे तेवढं वसूल पण करतील, अक्का. फुकट कोण देतंय?"

पैसे दिले होते विरेश सरांनी. सर कॉलेजात मराठी शिकवत. त्यांनी एक महानाट्य लिहिलं होतं. उघड्या मैदानावर, मशाली, घोडे आणि शंभरेक कलाकार घेऊन करायचं नाटक. त्यात कंकणगड नावाचा किल्ला, त्याची राणी, त्याला पडलेला वेढा आणि शेवटी रात्रीच्या अंधारात किल्ल्याची दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, आतून उघडून देणारा सरदार कान्हेरराव. यातलं काहीही इतिहासात नव्हतं. सर भेटेल त्याला आधीच सांगून टाकत, "पुस्तकं उघडून बसू नका, हे सगळं माझ्या डोक्यात घडलंय." पण कपडे मात्र त्यांना तीनशे वर्षांपूर्वीच्या पेटीतून काढल्यासारखे हवे होते.

महेश्वरी तेव्हा पन्नाशीला टेकली होती. लग्न केलं नव्हतं, वडिलांच्या मागे दुकान चालवलं. वडिलांनी शिकवलेली एकच गोष्ट ती धर्मासारखी पाळायची. ते म्हणायचे, "खोट्या माणसाच्या अंगावर एक तरी खरी वस्तू पाहिजे. बाकी सगळं खोटं चालतंय." म्हणून कुठल्याही काल्पनिक पात्राचा पोशाख करताना ती आधी त्याची ती एक खरी वस्तू शोधायची. चित्रात नाही, मोबाइलवर नाही. देवळाच्या कोरीव कामात, कुणाच्या आजीच्या ट्रंकेत, जुन्या बाजारात. राणीच्या लुगड्याचा काठ तिने अक्कलकोटच्या एका घरातल्या जुन्या इरकलीवरून घेतला. पहारेकऱ्यांच्या घोंगडीची दशी कशी वळायची ते एका धनगराकडून पाहून आली. दासीच्या चोळीची गाठ पुढे किती खाली येते, ते तिने एका पडक्या देवळाच्या खांबावरून मोजून घेतलं. महिन्याभरात सगळ्या पात्रांना आपापली खरी वस्तू मिळाली.

फक्त कान्हेरराव रिकामा राहिला. अंगरखा शिवून झाला, कमरबंद झाला, पण तो घालून अमृत उभा राहिला की गॅदरिंगमधला सरदारच दिसायचा. अमृत म्हणजे ते काम करणारा नट, दिवसा सहकारी पतसंस्थेत रोखपाल.

"ताई, मी फितूर वाटत नाही का?" तो आरशात बघून विचारायचा.

"तू वसुलीला आल्यासारखा वाटतोस," महेश्वरी म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला उजनीच्या काठच्या सावडगावातून लग्नात फेटे बांधायची ऑर्डर आली. ड्रेपरीवाल्यांचं सीझनला हे एक जोडकाम असतं. लग्न इंद्रजीत नावाच्या बागायतदाराच्या घरचं. त्याच्या केळी थेट परदेशी जातात, दारात दोन ट्रॅक्टर आणि एक पांढरी मोटार, भावकी मोठी आणि सगळी त्याच्या शब्दात. महेश्वरीने सकाळपासून वऱ्हाडाला गुलाबी फेटे बांधले. सगळे बांधून झाले तेव्हा ओसरीच्या टोकाला एक म्हातारा हसत बसलेला दिसला. डोक्यावर टोपी, मांडीवर त्याचं स्वतःचं पांढरं कापड.

"आबा, या. तुम्हाला पण बांधते."

"मला नगं, पोरी. ते तुमचं पिना टोचून उभं केल्यालं. वारं आलं की उडंल."

तो रामहरी. इंद्रजीतचा सख्खा चुलता. बायको वारलेली, मुलगा नाही, एक मुलगी होती तीही गेली. तिची लेक ऋतुजा जेऊरला दिलेली. जमीन सामाईक, स्वयंपाक सामाईक, त्यामुळे म्हाताऱ्याचं सगळं पुतण्याच्या घरातच होतं. त्याने टोपीवरूनच कापडाचे वेढे घेतले आणि शेव, म्हणजे कापडाचं उरलेलं टोक, डाव्या कानामागे नेऊन आत अशी वळवली, की बाहेरून फक्त बोराएवढी एक गाठ दिसावी. महेश्वरीच्या हातातली पिनांची डबी तशीच राहिली. पंचवीस वर्षांत तिने असली गाठ कुठे पाहिली नव्हती.

"ही कुठली, आबा?"

"आमच्या घरची. लग्नाला आणि मयताला बांधायची. आता ती मलाच येती. ही पोरं काय शिकत्यात? त्यांचा फेटा पण भाड्यानं येतुय." आणि तिच्याकडे बघून मिश्कील हसला, "तुज्या पोटावर पाय नगं द्यायला, न्हाय तर बोललो असतो अजून."

त्याने तिला ती गाठ शिकवली. पहिल्यांदा तिला जमली नाही, तेव्हा म्हणाला, "उलटी नगं वळू, खाली बघून वळव, मान हालवू नगं." जमली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं. मग तिला घराच्या मागे घेऊन गेला. त्या वर्षी धरणाचं पाणी लवकर मागे सरलं होतं, आणि चिखलातून जुन्या गावच्या गढीची भिंत वर आली होती. भिंतीला एक कमान होती, अर्धी गाळात बुडालेली.

"तो आमचा दरवाजा," रामहरी म्हणाला. एवढंच म्हणाला आणि परत फिरला. महेश्वरी ते चिखलातलं काळं तोंड बघत जरा मागे रेंगाळली. परतीच्या गाडीत मात्र तिच्या डोक्यात एकच होतं. कान्हेररावाची खरी वस्तू सापडली.

तालमीत विरेश सर एका जागी अडले होते. दिंडी उघडल्यावर शत्रूचे लोक आत घुसून दिसेल त्याला कापतात. मग अंधारात त्यांनी कान्हेररावाला कसं ओळखायचं आणि का सोडायचं?

"मशाल त्याच्या डाव्या कानाजवळ न्या," महेश्वरी म्हणाली. "खूण आधीच ठरलेली असणार की सर. पागोट्याची गाठ. अशी गाठ ज्याच्या कानामागे, त्याला हात लावायचा नाही."

तिने अमृतच्या डोक्यावर पागोटं बांधलं. मशाल वर गेली, गाठ उजळली, सैनिकाने तलवार खाली केली. अमृतने त्या दिवशी आरसा मागितलाच नाही. विरेश सर म्हणाले, "ताई, हा प्रसंग मी लिहिलाच नाही. तुम्ही लिहिलात." कुणीतरी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि जाहिरात म्हणून पुढे पाठवला. महेश्वरीनेही आपल्या स्टेटसला ठेवला.

चार-पाच दिवसांनी दुपारी इंद्रजीत दुकानात आला. एकटाच. पांढरा सदरा, हातात मोटारीची किल्ली. महेश्वरीने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"ताई, वळकलं का?"

"ओळखणार नाही होय? फेट्यांचे पैसे न मागता देणारं गिऱ्हाईक सोलापूर जिल्ह्यात एकच."

तो हसला. चहा येईपर्यंत भिंतीवरचे मुखवटे बघत राहिला. मग मोबाइल काढून तो व्हिडिओ तिच्यापुढे धरला. "लई भारी काम केलंय तुमी. ही गाठ तुमीच बांधली?"

"मीच की!"

"कुटनं शिकला?"

महेश्वरीला त्या प्रश्नाचा आनंदच झाला. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घ्यावं, हीसुद्धा वडिलांची शिकवण. "तुमच्याच घरातनं! रामहरी आबांनी शिकवली. माणूस बघा, एवढ्या गर्दीत मला बसवून शिकवलं. नाटकाच्या दिवशी मी त्यांना मैदानावर बोलावून शाल घालणार आहे."

इंद्रजीतने मोबाइल खिशात ठेवला. "बरं झालं तुमच्याच तोंडानं कळलं. न्हाय तर उगंच शंका ऱ्हायली असती." बशीत चहा ओतला, फुंकला. "आन् दुश्मनानं ती गाठ बघून त्याला सोडायचं, हे पण आबांनीच सांगितलं?"

"नाही हो. ते माझ्या डोक्यातलं."

"तुमच्या डोक्यातलं."

मशीनचा आवाज थांबला होता. कल्लप्पा वर न बघता कापड नीट करत होते.

इंद्रजीत सावकाश बोलू लागला. "आमच्यात एक गोष्ट हाय, ताई. ती बायकांला सांगत न्हाईत, जावयाला सांगत न्हाईत. मरताना थोरल्याला सांगायची. माज्या वडलांनी मला दवाखान्यात सांगितली, नळ्या लावलेल्या असताना. ते आन् आबा सख्खे भाऊ, म्हणून आबालाबी ठाऊक हाय. आता जित्या माणसांत ती दोघांलाच ठाऊक. एक मी. मी तर तुमाला सांगितली न्हाय."

महेश्वरीला ती चिखलातली कमान आठवली.

"गाव आदीपासनं कुजबुजतंय," तो म्हणाला, "गढी दुश्मनाला कुणी उघडून दिली म्हणून. पण नाव कुणी घेत नव्हतं. आता तुमी गाठच दाखवली. ही गाठ कुणाच्या घरची, ते आमच्या गावातलं शेंबडं पोरगं सांगंल."

"आबांनी मला यातलं काहीसुद्धा सांगितलं नाही. शपथ घेते. मल्लिकार्जुनाची शपथ. मी आपली कल्पना केली."

"एवढी बरोबर?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त जाचलं.

"नाटकातनं काढून टाकते. आजच सांगते सरांना."

"नगं, नगं. काही बंद करू नगा. बंद केलं तर लोक म्हणतील खरंच हाय म्हणून." तो उठला, कप स्वतः बाजूला ठेवला. "नाटक व्हऊ द्या. आमी समदी बघायला येणार. पुढच्या खुर्च्या आमाला ठिवा."

तो गेल्यावर कल्लप्पा म्हणाले, "अक्का, तू नाव कशाला घेतलंस?"

"मला काय माहीत, मामा! चांगलं म्हणून घेतलं."

"चांगलं म्हणूनच घेतात," कल्लप्पा म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

तिने त्याच संध्याकाळी रामहरीला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे केळीच्या पानांची सळसळ असावी तसा आवाज येत होता.

"आबा, मी महेश्वरी. सोलापूरची. इंद्रजीतराव आले होते."

"व्हय, व्हय. आलंय कानावर."

"मी त्यांना सांगितलं, तुम्ही फक्त गाठ दाखवली म्हणून. ते ऐकायला तयार नाहीत. मी गावात येऊन सगळ्यांसमोर सांगू का?"

"नगं, पोरी. काय न्हाय. पोरं हायेत ती." तो थांबला. मग वेगळ्याच, मोठ्या आवाजात म्हणाला, "नाटक चांगलं करा." मागून कुणीतरी काहीतरी बोललं. म्हातारा म्हणाला, "झालं, झालं, ठिवतो," आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

ती विरेश सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना एकाच वेळी भीतीही वाटली आणि आतून बरंही वाटलं, हे तिला चेहऱ्यावर दिसलं. "ताई, कानामागे गाठ असो नाहीतर नसो, माझं काही अडत नाही. तुम्हाला वाटतंय तर बदला. पण एक सांगतो, सावडगावातून आज दोनशे तिकिटं एकदम गेली. रोख देऊन गेले. आपलं काम लोकांपर्यंत पोचतंय, याचा अर्थ दुसरा काय?"

"सर, दोनशे माणसं आपलं काम बघायला येत नाहीयेत."

"मग काय बघायला येतायत?"

गाठ बदलायची हे तिने ठरवलं. साधा, कुणाचाही नसलेला पीळ द्यायचा आणि शेव खोचून टाकायची. म्हणजे कान्हेरराव पुन्हा कुणाच्याच घरचा राहणार नाही आणि म्हाताऱ्यावरचं बालंट जाईल. रात्रभर तिने स्वतःला हेच समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानावर आली, तर शटरच्या कुलपाला एक पांढरी चिंधी बांधलेली होती. नव्या मलमलीची. ती कुलपाच्या कड्यातून अशी नेली होती, की सोडल्याशिवाय किल्ली आत जाऊ नये. शेव आत वळवलेली, बाहेर बोराएवढी गाठ. जराही ढिली नाही, जराही वाकडी नाही.

महेश्वरी बोळात तशीच उभी राहिली. शेजारचा भांडीवाला म्हणाला, "काय झालं, ताई? कुणी नवस बोललंय काय कुलपाला?"

ही गाठ सावडगावात एकाच माणसाला येत होती. आणि तो माणूस आपल्या मनाने एवढ्या लांब येऊन कुलपाला चिंधी बांधून जाणारा नव्हता. त्याच्याकडून कुणीतरी ती बांधून घेतली होती. त्याला रातोरात इथे आणून उभं केलं असेल. म्हाताऱ्याचे हात आता दुसऱ्याच्या सांगण्यावर चालत होते. तिने गाठ सोडली. सोडताना तिला त्याचं वाक्य आठवत होतं, खाली बघून वळव, मान हालवू नगं.

ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या जमादाराने शांतपणे ऐकून घेतलं. "चिंधी बांधली. बरं. धमकी दिली का? नाही. नुकसान? नाही. मग बाई, मी लिहू काय?" आणि ते त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. चहा पिऊन गेलेला एक सभ्य माणूस आणि एक गाठ.

प्रयोग एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी होता. दिवसभर आग ओकणारं ऊन, संध्याकाळी मैदानावरची माती पाणी मारूनही तापलेली. महेश्वरी दुपारपासून मागच्या कनातीत होती. शंभर माणसांच्या गाठी, नाड्या, कमरबंद. अमृतला तिने साधा पीळ देऊन पागोटं बांधलं. तो म्हणाला, "ताई, ती गाठ नाही? तिच्यात जोर होता."

"गप बस आणि मान हलवू नकोस."

अंधार पडायला लागला तसे मैदानाच्या फाटकातून ट्रॅक्टर आत येऊ लागले. मागच्या ट्रॉल्यांत माणसं दाटीवाटीने उभी. सावडगाव आलं होतं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. त्यांच्यात जत्रेचा गोंगाट नव्हता. ते उतरले आणि मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. मग पांढरी मोटार आली, तिच्यामागे आणखी मोटारी.

कनातीच्या फटीतून महेश्वरीने बघितलं. पहिल्या रांगेत इंद्रजीत आणि त्याची भावकी येऊन बसत होती. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी पागोटी. गुलाबी नाही, पिना टोचलेली नाही. प्रत्येकाच्या डाव्या कानामागे तीच बोराएवढी गाठ, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं दाखवायला आल्यासारखी. ज्या पोरांना ती बांधता येत नव्हती, त्यांच्याही डोक्यावर. म्हणजे म्हाताऱ्याने दुपारभर एकेकाला समोर बसवून ती बांधली होती.

शेवटच्या खुर्चीवर रामहरी होता. त्याचं डोकं उघडं होतं.

पिकलेले, कातरलेले केस, मधे टक्कल, आणि कपाळावर पागोट्याने वर्षानुवर्षं पाडलेला फिकट पट्टा. महेश्वरीने त्याला उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. मागच्या खुर्च्यांवरचं गावही आज पहिल्यांदाच बघत होतं. भावकीने त्याचं पागोटं उतरवलं होतं. घरातला माणूस घरातला राहिला नाही, हे तोंडाने सांगायची गरज उरली नव्हती.

शेजारी उभे असलेले कल्लप्पा कानडीत पुटपुटले, "यव्वा."

ओसरीवर बसवून शिकवलेल्या एका गाठीपायी हे झालं होतं, आणि ते अजून थांबवता येईल असं तिला वाटत होतं. पांढरी पागोटी घालून बसलेल्या त्या रांगेसमोर कान्हेरराव पांढरं पागोटं घालून जाणार. गाठ असो वा नसो, लोक पागोटंच बघणार. मग म्हणणार, बघा, तेच घर, आणि राग पुन्हा त्या कडेच्या खुर्चीवर निघणार. तिसरा अंक सुरू झाला होता. ढोल वाजत होते. अमृत दिंडीच्या मागे जायला निघाला.

"थांब," ती म्हणाली आणि तिने त्याच्या डोक्यावरचं पागोटं उपसून काढलं.

"ताई! अहो, आता काय घालू?"

"काही नाही. तसाच जा. फितुराला कुठलं आलंय पागोटं?"

तो गेला. दिंडी करकरली. शत्रूचे सैनिक आत घुसले, आरडाओरडा, तलवारी. मशाल घेतलेला सैनिक कान्हेररावापर्यंत आला आणि बसवल्याप्रमाणे त्याने मशाल त्याच्या डोक्याजवळ नेली. तिथे गाठ नव्हती. काहीच नव्हतं. घामाने चमकणारं एक उघडं डोकं होतं. सैनिक क्षणभर गोंधळला, मग पाठ केलेलं बोलला, "याला सोडा. हा आपला."

मशालीचं तेल फुरफुरलं. मग मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. महेश्वरीने फटीतून बघितलं. सावडगावातलं एकही माणूस दिंडीकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेच्या शेवटच्या खुर्चीकडे वळल्या होत्या. मशालीचा उजेड पोचत होता तिथपर्यंत दोनच उघडी डोकी दिसत होती. एक कान्हेररावाचं, एक रामहरीचं.

तिच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय केलं ते.

रामहरी उठला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसला. राणी पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या.

प्रयोग संपल्यावर इंद्रजीत कनातीत आला. गाठ तशीच घट्ट होती. "ताई, गाठ काढली, बरं केलं."

"मी त्यांच्यासाठी काढली. आबांसाठी. तुम्ही त्यांना..."

"आमाला लई चिंता होती, की गाव घराला नाव ठिवंल. तुमी आमचं काम सोपं केलं." त्याने अगदी मनापासून हात जोडले. "आता समदं गाव बोलतंय, फितूर एकच. तो कडंला बसला होता."

"आबा कुठे आहेत?"

"गाडीत."

ती बाहेर धावली, तोवर मोटारी फाटकाबाहेर पडत होत्या. मागच्या काचेत एक उघडं डोकं दिसलं आणि धुळीत दिसेनासं झालं.

पुढचे काही दिवस विरेश सरांचे फोन येत राहिले. पुण्याहून प्रयोगाची मागणी आली होती, आणि उघड्या डोक्याची कल्पना सगळ्यांना फार आवडली होती. महेश्वरीने उरलेलं काम करायला नकार दिला. कल्लप्पांनी कान्हेररावाचा अंगरखा उसवून त्याचे पुन्हा साधे तुकडे करून टाकले. तिने सांगितलं नव्हतं.

सावडगावातल्या घरी तिने फोन केला, तर एका बाईने सांगितलं, आबा नातीकडं जेऊरला गेल्यात, आता तितंच राहणार. महेश्वरीला जरा हायसं वाटलं. निदान तिथून सुटले. आठवड्याने, रविवारी, ती सोलापूरहून गाडीने जेऊरला गेली. बरोबर एक डबा शेंगाचटणी आणि त्यांच्यासाठी घेतलेली शाल.

स्टेशनच्या बाहेर रिक्षा केली. ऋतुजाचं घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. रिक्षावाल्याने ऐंशी रुपये मागितले. महेश्वरीकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुट्टे नाहीत, आणि मोबाइलला रेंज नाही. आवाज ऐकून ऋतुजा बाहेर आली. तिशीच्या आतली, डोळे सुजलेले. तिने कमरेची पिशवी उघडून रिक्षावाल्याला ऐंशी रुपये देऊन टाकले आणि मग महेश्वरीकडे बघितलं.

"तुमीच व्हय त्या गाठवाल्या बाई?"

"हो. आबांना भेटायला आले."

"कुटं भेटणार?"

"म्हणजे? इथे नाहीत? सावडगावातून सांगितलं, जेऊरला गेले म्हणून."

"मलाबी तसंच सांगितलं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघालं म्हणं, लेकीच्या लेकीकडं जातो म्हणून." ऋतुजाने दाराची चौकट धरली. "हितं आलंच न्हाईत. चौकीत लिहून आलो. धरणाच्या काठानं माणसं फिरून आली. समदा गाळच गाळ, काय दिसलं न्हाय, म्हणाली."

महेश्वरीने शाल आणि डबा पुढे केला. बोलण्यासारखं जे होतं, ते तिचं आधीच सगळीकडे बोलून झालं होतं.

ऋतुजाने तिला आत बोलावलं नाही. शाल घेतली नाही, डबाही घेतला नाही. एकदाच विचारलं, "तुमाला खरंच आजोबांनी काय सांगितलं न्हवतं?"

"नाही. फक्त गाठ शिकवली."

"मग तुमाला सुचलं कसं?"

महेश्वरी उन्हातून चालतच स्टेशनवर आली. परतीची गाडी उशिरा होती. रामहरीचा अजून पत्ता नाही. ऋतुजाने रिक्षाला दिलेले ऐंशी रुपये महेश्वरीकडून द्यायचे राहिले आहेत.